आधी मेन खाली

शिवणकारखान्यातल्या फिटरकाकांचं म्हणणं असं, की यंत्र म्हणजे यंत्र. बॉयलर असो नाहीतर कॉम्प्युटर, आपला हात राखून वागलं की ते सरळ चालतं. स्वतःचा हात त्यांनी बऱ्यापैकी राखला होता. फक्त डाव्या तर्जनीचं टोक कापड कापायच्या एका यंत्राने नेलं होतं. यंत्र आपोआप चालू झालं, एवढाच त्याचा गुन्हा. तेव्हापासून तीस वर्षं काकांचा नियम एकच: काम झालं की आधी मेन खाली, म्हणजे वीजच बंद, मग दहापर्यंत आकडे, मग पुन्हा चालू.

त्या सकाळी काकांची मुलगी बाळंतपणासाठी इस्पितळात गेली. जावई याच कारखान्याचा सर्व्हर सांभाळायचा. बाळ येईपर्यंत जागचा हलणार नाही, असं त्याने बायकोला वचन दिलं होतं. आणि नेमकी तीच वेळ साधून सर्व्हरची गोगलगाय झाली. कपड्यांचे सगळे नमुने त्याच्या पोटात. नमुना येईना म्हणून कॉम्प्युटरवर चालणारी कात्री चालेना, कात्री चालेना म्हणून चाळीस शिलाई यंत्रं गप्प. पाचला माल निघायचा होता.

काकांनी जावयाला फोन लावला. "जावईबापू, तुम्ही तिच्याजवळच थांबा. डोकं तुमचं, हात माझे. तासाभरात चालू करून देतो."

जावयाने समजावलं. काल मेमरी दुप्पट बसवली, पण सर्व्हर सुरू होतानाच बायोसमध्ये, म्हणजे त्याच्या मुळाशी असलेल्या सेटिंगांच्या पडद्यावर, शिरून एक सेटिंग बदलायचं राहिलं. त्यामुळे तो प्रत्येक गोष्ट दोनदा लिहितो आणि निम्मी मेमरी वाया जाते. ते बंद करायचं. प्रोसेसर वीज वाचवत बसलाय, त्याला पूर्ण वेगावर आणायचं. मग एफ टेनचं बटण दाबायचं, की तो आपोआप बंद होऊन चालू होईल.

'आपोआप' ऐकल्याबरोबर काकांनी तेवढा भाग मनातल्या मनात गाळला. बंद-चालूच करायचं ना, मग ते आपल्या हाताने.

त्यांनी एकेक अक्षर बोटाखाली धरून दोन्ही सेटिंगं अचूक बदलली. मग मेन खाली, बॅटरीचा खटका खाली, दहा आकडे, पुन्हा वर. पंखे असे घोंघावले, की कटिंग मास्तर दारात येऊन, हे उडणार आहे का, असं विचारून गेला. दहा मिनिटांनी सर्व्हर उठला. गोगलगाय ती गोगलगायच.

"बंद होऊन चालू झाला ना?" जावयाने विचारलं.

"झाला. माझ्या डोळ्यांदेखत."

खोटं त्यात काहीच नव्हतं. जावई कोड्यात पडला. पुन्हा करा म्हणाला. काकांनी पुन्हा केलं, पुन्हा मेन खाली. सेटिंगं परत पहिल्यासारखीच.

"हा माझ्या सासऱ्यांच्या वळणाचा आहे," काका मास्तरला म्हणाले. "तोंडावर हो म्हणतो, पाठ फिरली की आपलंच खरं."

तिसऱ्या वेळी शिलाईवाल्या बायका दाराशी जमल्या आणि काकांबरोबर दहापर्यंत मोजू लागल्या. यंत्राला त्याचीही लाज वाटली नाही.

शेवटी जावयानेच धीर सोडला. डॉक्टरीणबाईंनी अजून तासभर आहे म्हणून सांगितलं होतं. बायकोची परवानगी घेऊन तो धावत आला आणि काकांच्या मागे उभा राहिला. सगळं बिनचूक चाललं होतं. मग काकांचा हात मेनकडे गेला.

जावयाने तो वरच्या वर धरला. "बाबा, एफ टेन?"

"त्याने नुसता बंद-चालूच होतो ना?"

"आधी बदल सेव्ह होतात, बाबा."

एक बटण दाबलं गेलं. दहा मिनिटांत नमुने सरसर येऊ लागले, कात्री चालली, पाचला माल निघाला. जावई इस्पितळात पोचला तेव्हा मुलगी जन्मून वीस मिनिटं झाली होती.

संध्याकाळी काका नात बघायला गेले. मुलीला सगळं कळलं होतं. ती रागावली नाही, आणि तेच काकांना जड गेलं. जावयाच्या हातातलं गाठोडं त्यांच्याकडे आलं. नऊ बोटं आणि एक अर्धं पुढे झालं, थबकलं, आणि काका मागे वळून दाराजवळच्या भिंतीवरच्या खटक्यांशी गेले.

खोलीतला पंखा थांबला. दिवा गेला. अंधारात काका पुटपुटत होते, एक, दोन, तीन.

"बाबा, चालू करा," मुलगी म्हणाली. "ती बिघडलेली नाही."