लोकरूच्या आतला हात

मुलांनो, एका जंगलात टीव्ही होता. जंगलात वाघाची भीती होती, पाण्याची टंचाई होती. पण टीव्ही होता, त्यामुळे कुणाची फारशी तक्रार नव्हती.

टीव्हीवर रोज संध्याकाळी लोकरू यायचा. लोकरू म्हणजे लोकरीचा बाहुला. डोळ्यांच्या जागी दोन काळी बटणं. तो नक्की कुठला प्राणी, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. हरणाच्या पाडसांना तो पाडसासारखा वाटे, अस्वलाच्या पिलांना पिलासारखा. दात घासा, तरसाच्या पोराला खेळायला घ्या, असं तो सांगे. पिलं आयांचं ऐकत नसत, पण लोकरूचं ऐकत.

या लोकरूच्या पोटात एक हात होता. तो हात तातोबा साळिंदराचा.

बावीस वर्षं तातोबा टेबलाखाली बसत होता. हात वर, बाकी सगळा खाली. आवाजही त्याचाच. साळिंदराजवळ आपणहून कोण येतं? पण लोकरूला मिठी मारायला रोज रांग लागे. त्या मिठ्या तातोबाला मनगटापर्यंत मिळत. तेवढ्या त्याला पुरत.

एके दिवशी धवलकुमार नावाचा बगळा त्याला भेटायला आला. तो माहितीपट काढत असे.

"तातोबा, मला तुमच्यावर माहितीपट काढायचाय. लोकरूच्या आत कोण आहे, हे जगाला कळलं पाहिजे."

"कशाला? आत लोकरूच आहे, असं पिलांना वाटतं. वाटू दे की."

"सत्य कुणीतरी दाखवायलाच हवं," बगळा म्हणाला. सत्याबद्दल बोलताना तो एका पायावर उभा राहत असे, म्हणून सगळ्यांचा त्याच्यावर विश्वास बसे.

तातोबानं घरी येऊन बायकोला विचारलं. तिचं नाव सुभाबाई. लोकरू तिनंच विणला होता, आपली माहेरची शाल उसवून.

"करू द्या त्याला," ती म्हणाली. "बावीस वर्षं तुम्ही तिथं काय करता, हे माझ्या बहिणीला अजून कळलेलं नाही. तिला वाटतं, तुम्ही वायरमन आहात."

खरं सांगायचं तर तातोबालाही ते हवंच होतं. एकदा तरी आपण मनगटाच्या पलीकडे दिसावं, असं कुणाला वाटत नाही?

चित्रीकरण सुरू झालं.

"बालपण फार हालात गेलं असेल?" बगळ्यानं विचारलं.

"नाही हो. आई लाड करायची."

"वडील मारायचे?"

"नाही. ते गाणी म्हणायचे. बेसूर, पण म्हणायचे."

"आता तरी एकटं वाटत असेल?"

"घरी सुभा असते ना."

बगळा वैतागला. शेवटी त्यानं तातोबाला ओढ्याकाठी पाठमोरं बसवलं आणि सांगितलं, "काही बोलू नका. नुसतं पाण्याकडे बघा." तातोबा अर्धा तास पाण्याकडे बघत राहिला. त्याला भूक लागली होती. माहितीपटात तेच दृश्य सगळ्यांत करुण ठरलं.

रविवारी सकाळी मोठ्या गुहेत माहितीपट दाखवला. ओढ्याचं दृश्य आलं आणि सगळं जंगल रडलं. मगरही रडली, पण तिचं सोडा. "बावीस वर्षं हो, आणि आपल्याला पत्ताच नाही," असं म्हणून गवे नाकं शिंकरत होते. पहिल्या रांगेत नवं उपरणं घेतलेला तातोबा मान खाली घालून बसला होता. त्याला बरं वाटत होतं. सुभाबाईनं बहिणीला कोपरानं ढोसलं.

मग वाहिनीचे मुख्य, ऐरावतसाहेब, व्यासपीठावर आले.

"या भावपूर्ण क्षणी दोन शब्द बोलण्यासाठी," ते म्हणाले, आणि तातोबा उपरणं सावरत उठला, "मी आपल्या सर्वांच्या लाडक्या लोकरूला विनंती करतो."

टेबल आधीच मांडून ठेवलं होतं. उठलेल्या तातोबाला परत बसता येईना. तो व्यासपीठावर गेला आणि टेबलाखाली शिरला. वर लोकरू आला. गुहा दणाणून गेली.

"लोकरू, तुझ्या आतल्या थोर कलावंताबद्दल तू काय सांगशील?" बगळ्यानं विचारलं.

लोकरूला आपल्याबद्दल काय वाटतं, याचा तातोबानं कधी विचारच केला नव्हता. टेबलाखालची फरशी गार होती.

"त्याचे गुडघे दुखतात," लोकरू म्हणाला. "त्याला एक खुर्ची द्या."

त्यावर जो हशा पिकला, तो थांबेना. ऐरावतसाहेबांचे कान हलून हलून वारा सुटला.

त्या दिवसापासून 'त्याला एक खुर्ची द्या' हे वाक्य जंगलभर झालं. पिलं खेळताना म्हणत. पिशव्यांवर ते छापून आलं. खुर्ची मात्र आली नाही.

"हवी असेल तर आपल्या तोंडानं मागा," सुभाबाई म्हणाली.

"माझ्या तोंडाचं कोण ऐकतं?"

"मागून तर बघा."

तातोबा ऐरावतसाहेबांकडे गेला. "साहेब, एक खुर्ची हवी होती. बुटकी चालेल."

"अहो तातोबा, आत्ताच तर माहितीपट झाला तुमच्यावर. लगेच खुर्ची? बाकीच्यांना काय वाटेल? अर्ज देऊन ठेवा."

तातोबा दारापर्यंत गेला. तिथं थांबला. पिशवीतून लोकरू काढला आणि हातात घातला.

"साहेबकाका," लोकरू म्हणाला, "खुर्ची द्या ना."

साहेबांचे डोळे पाणावले. "बाळा, आधी नाही का सांगायचं? उद्याच देतो."

आणि दुसऱ्या दिवशी खुर्ची खरंच आली. शिसवी लाकडाची. लाल मखमलीची गादी, पाठीवर सोनेरी नक्षी. उंची एक वीत.

तातोबा तिच्याकडे बराच वेळ बघत राहिला. मग त्यानं ती उचलून टेबलावर ठेवली आणि खाली जाऊन बसला. कॅमेरा सुरू झाला.

संध्याकाळी सुभाबाईनं विचारलं, "मिळाली का हो खुर्ची?"

"मिळाली."

"कशी आहे?"

तातोबा गुडघ्याला तेल चोळत होता. "सुरेख आहे," तो म्हणाला. "त्याला अगदी मापात बसते."

तात्पर्य : मुलांनो, पडद्यामागे राबणाऱ्यांना कधी विसरू नये. एकदा त्यांना पडद्यावर आणावं, त्यांच्यासाठी पोटभर रडावं, आणि डोळे पुसून झाले की त्यांना लवकर टेबलाखाली जाऊ द्यावं. नाहीतर पुढचा कार्यक्रम उशिरा सुरू होतो.