टुवालाखालचा सौदा

यल्लाप्पा डायवरानं मला फसवलं. निपाणीच्या पेठेत मी हे चारचौघांत सांगितलं आहे आणि इथंही सांगतो. तो म्हणतो, मालकानं मला फसवलं. साफ खोटं. माझा डायवर गेला आणि त्याला मात्र चांगली नोकरी लागली. आता फसलं कोण ते तुम्हीच बघा.

हा माणूस दर-भावाची गोष्ट तोंडानं बोलत नसे. त्याचा बाप बैलांचा दलाल. बैलबाजारात घेणारा आणि विकणारा टुवालाखाली हात घालतात, एकमेकांची बोटं दाबतात आणि भाव ठरतो. बघणाऱ्याला नुसता टुवाल हललेला दिसतो. आमच्या तंबाखूच्या वखारींतही हीच रीत. पण सौदा झाला की बाकीच्यांचा टुवाल परत खांद्यावर जातो. यल्लाप्पाचा कायम हातात. "उघड्यावर आकडा बोलू नये, मालक. बाजार खराब हुतो."

एकदा आठवडी बाजारात त्यानं वांगी विकणाऱ्या बाईच्या हातावर टुवाल टाकला. बाईनं तराजूतलं वजन उचललं.

"मुडद्या, हात कुनाचा धरतोस रं?"

"आक्का, भाव इचारतोय."

"तोंड हाय न्हवं तुला? का त्ये बी टुवालात बांधून ठेवलंयस?"

मी मधे पडलो म्हणून त्याचं डोकं वाचलं. मधे पडलोच होतो, तर वांग्यांचा भावही पाडून घेतला.

दुसऱ्या एका खेपेला तवंदी घाटात ब्रेक दगा देऊ लागला. गाडी कशीबशी उतरली. खाली मारुतीचं देऊळ आहे, तिथं तो आत गेला. बराच वेळ झाला तरी येईना म्हणून मी डोकावलो, तर मारुतीच्या मुठीवर टुवाल टाकून हा उभा! कपाळाला घाम. बाहेर आला आणि म्हणाला, "पाच नारळ म्हनत हुता. दोनात भागवलं." मारुतीशी घासाघीस करणारा माणूस माझ्यासारख्या मालकाला आवडायचाच. मी बैलगाडी हाकत मोठा झालो. एकेक रुपया धरून ठेवला आणि जुनी लॉरी घेतली. माझ्या गाडीवर असाच माणूस पाहिजे होता.

लॉरीला तो आक्का म्हणायचा. लढाईमुळं पेट्रोल रेशनवर गेलं होतं, म्हणून गाडीच्या पाठीला कोळशाच्या गॅसची टाकी बसवली होती. ती पेटवायची, पंखा फिरवत बसायचं, तोंड काळं करून घ्यायचं, मग गाडी एकदा खोकायची. दुसरे डायवर शिव्या द्यायचे. हा बॉनेटवर हात ठेवून म्हणायचा, "आक्का, उठ की. लोक हसाय लागल्यात." आणि ती उठायची. चढाला म्हणायचा, "जरा दम खा, मग जाऊ." मी शेजारी बसलेलो असे. माझ्याशी दिवसभरात दोन वाक्यं बोलायचा, बाकी सगळं आक्काशी.

आता मुद्द्यावर येतो.

वखारीच्या ओट्यावर मी उभा होतो, हमाल तंबाखूची बोदं गाडीत चढवत होते. यल्लाप्पा आला आणि माझ्या हातावर टुवाल टाकला.

"मालक, माझं बी काय तरी बघा की आता."

आणि चार बोटं धरली.

डायवर हात धरतो तेव्हा काय मागतो हे मला कुणी शिकवायला नको. पगारात चार रुपये वाढ! मी हात झटकला आणि एकच बोट दाबलं. त्यानं तीन धरली. "लूट लावलीस काय रं?" मी ओरडलो. त्याचे डोळे भरून आले. मी म्हटलं, वा, बापाकडून बरंच शिकलाय गडी. शेवटी दोनावर सौदा ठरला. त्यानं टुवाल कपाळाला लावला.

"मोडू नका हं, मालक."

"यल्लाप्पा, मी आजपातूर सौदा मोडलेला न्हाय."

पुढच्याच आठवड्यात हुबळीचा माल भरून तयार आणि डायवर गायब. दोन दिवस माल वखारीच्या दारात उभा, व्यापारी माझ्या नावानं शंख करतोय. तिसऱ्या दिवशी सकाळी यल्लाप्पा आला. गुळगुळीत दाढी, डोक्याला तेल, धुतलेलं धोतर.

"कुठं मेलतास?"

"घरी गेलतो, बेळगुंदीला. दोन रातींचं ठरलंय न्हवं आपलं? आठवड्याला दोन."

"राती? अरं, दोन रुपये वाढवलेत मी तुला!"

"रुपये कुनी मागितलं?"

हमालांनी बोदं खाली ठेवली आणि हसायला बसले. मी म्हणालो, बोटं धरणाऱ्यानं आधी सांगायचं असतं, हे शेकडे का दहा. तो म्हणाला, घेणाऱ्यानं इचारायचं असतं. पेठेतल्या म्हाताऱ्या दलालाला निवाड्याला बोलावलं. तो इतका हसला की त्याला ठसका लागला आणि त्याला घरी पोचवावं लागलं. निवाडा तसाच राहिला. पण मी विचारतो, पेठ सुरू झाल्यापासून कुणी टुवालाखाली रात्रींचा सौदा केलाय काय?

"दोन रुपये घे आन् राती इसर," मी म्हणालो.

"रुपये ऱ्हाऊ द्यात. राती द्या."

"रातींची वखार हाय काय माझी? एक गाडी, एक डायवर. गाडी उभी ऱ्हायली तर माल दुसरा उचलतोय."

"मग सौदा मोडला तुमी."

हे तो मला म्हणाला! मला! मी त्याला ओट्यावरून खाली उतर म्हणून सांगितलं. तो उतरला, लॉरीजवळ गेला आणि बॉनेटवर हात ठेवला. "येतो, आक्का. नव्या डायवराला तरास दिऊ नगंस." तिनं दिला. तो गेल्यावर ती चढाला एकदाही धड चढली नाही.

आठ दिवसांत बातमी आली. बेळगावात एका मालकाची लॉरी खानापुराहून लाकूड आणते, रोज सांजच्याला परत. यल्लाप्पा तिथं लागला. पगार माझ्यापेक्षा जास्त आणि रोजची रात्र घरची. म्हणजे मी ज्याला डायवर बनवलं, घाट दाखवले, तो त्या लाकूडवाल्याला आयता मिळाला.

असा मी सोडणाऱ्यातला नाही. थेट बेळगुंदी गाठली. लाकूडवाल्यापेक्षा वर पगार आणि आठवड्याला चार रात्री, इथपर्यंत जायची तयारी करून गेलो होतो. नवा टुवालही घेतला होता.

अंगणात चार-पाच वर्षांची पोरगी खेळत होती. मला बघून आत पळाली, तांब्याभर पाणी आणि गुळाचा खडा घेऊन आली. "पाव्हनं, पानी."

मागून यल्लाप्पा आला. मला बघून दचकला, पण आधी पोरीला म्हणाला, "चंपे, ह्ये कोन?"

"पाव्हनं."

"आन् मी?"

"आप्पा."

"परत सांग."

"आप्पा!"

"मी कोन म्हनलीस?"

पोरगी वैतागून निघून गेली. आतून त्याची बायको ओरडली, "पुरं की आता! रोज तिचं डोस्कं खाताय."

यल्लाप्पा हसत म्हणाला, "मालक, शिमग्यापातूर मला बी पाव्हनंच म्हनायची. कवा तरी एक रात यायचो न्हवं मी. असंच गूळ-पानी आनून द्यायची आन् इचारायची, पाव्हनं, कवा जानार?" हसता हसता त्यानं तोंडावरून हात फिरवला आणि हात डोळ्यांवरच थांबला.

मी गूळ खाल्ला, पाणी प्यालो. नवा टुवाल काखेतच राहिला. परतीच्या मोटारीत बसलो तेव्हा माझा संताप आणखी वाढला होता, आणि तो अजून उतरलेला नाही. तीन वर्षं हा माणूस माझ्या शेजारी बसला. घाटात, नाक्यावर, पावसात. लॉरीला घरचं सगळं सांगितलं असेल. मी हातभर अंतरावर होतो. मला का नाही सांगितलं? मी काय पोरीच्या नावावरही घासाघीस केली असती? याचं उत्तर यल्लाप्पानं मला दिलं पाहिजे. माझ्या समोर उभं राहून, दोन्ही हात मोकळे ठेवून, तोंडानं.