शिवमूर्तींच्या टर्बोला लागलेली धाप

शिवमूर्तींच्या नव्या गाडीत पिवळा दिवा पहिल्यांदा लागला तेव्हा ती एखादी सोयच असावी असं त्यांना वाटलं. टर्बो गाडी म्हटल्यावर दिवेही चार जास्त असणार. मग एका किरकोळ चढावर केळी भरलेल्या मालरिक्षानं त्यांना मागं टाकलं आणि जाता जाता रिक्षावाल्यानं त्यांच्याकडं फार कणवेनं पाहिलं. तेव्हा कुठं त्यांच्या लक्षात आलं की दिव्याचं प्रकरण वेगळं आहे.

शिवमूर्तींचं लातूरच्या गोलाईतल्या बाजारात भांड्यांचं दुकान होतं. माणूस चौपन्न वर्षांचा, शब्दाचा पक्का, पण एक सल उराशी घेऊन जगणारा. गेली अठरा वर्षं सासरचं कोणतंही कार्य असो, ते मेहुण्याच्या गाडीत मागं बसून गेले होते, मांडीवर आहेराचं पातेलं धरून. मेहुणा सोमेश एक गल्ली सोडून राहायचा. तो वाईट बोलायचा नाही, खरं तर फारसं बोलायचाच नाही. पण गाडी दारात थांबली की सगळं गणगोत चालवणाऱ्याच्या खिडकीपाशी धावायचं आणि शिवमूर्ती मागच्या दारातून पातेल्यासकट स्वतःच उतरायचे. म्हणूनच गाडी घेताना त्यांनी टर्बोच घेतली. सोमेशच्या गाडीला टर्बो नव्हता.

नांदेडच्या धाकट्या मेहुणीची, महानंदाची, वास्तुशांती ठरली तेव्हा त्यांनी जाहीर करून टाकलं, "नांदेडला माझी गाडी जाईल. चालवणार मी. सोमेश मागं बसंल." आता गाडीनं धाप टाकायला सुरुवात केली होती आणि कार्य सहा आठवड्यांवर आलं होतं.

तसं पाहिलं तर गाडीच्या पूजेत काही कमी पडलं नव्हतं. शोरूमच्या दारात त्यांच्या बायकोनं, पार्वतम्मांनी, बॉनेटवर विभूतीचे तीन पट्टे ओढले, चाकाखाली लिंबं ठेवली आणि तिथल्या विक्रेत्या मुलीला विचारलं, "ही टर्बो टर्बो म्हणत्यात ती काय आसती बाई?" मुलगी हौशी होती. तिनं बॉनेट उघडून सगळ्यांना दाखवलं. "काकू, ही गाडी साध्या गाडीपेक्षा जास्त हवा ओढते. ही काळी नळी दिसते ना, ते हिचं नाक समजा." पार्वतम्मांनी इतकं मन लावून तर कीर्तनही ऐकलं नव्हतं. विभूतीची चिमूट घेऊन त्या पुढं वाकल्या, तेव्हा शिवमूर्तींनी त्यांचा हात धरला.

"भस्म कपाळाला, ऑइल इंजिनला," ते म्हणाले. "इंजिन मिस्त्रीचं काम हाय. त्याच्यात देवाला मधी आणायचं न्हाई."

तर दिवा लागल्यावर गाडी वर्कशॉपात गेली. तिथल्या पोरगेल्या इंजिनिअरनं लॅपटॉप जोडला आणि रिपोर्ट वाचणाऱ्या डॉक्टरसारखा चेहरा केला. हवेचा दाब कमी दाखवतोय म्हणाला, म्हणजे सेन्सर गेला. सेन्सर बदलला. गाडी आठ दिवस पळाली आणि नवव्या दिवशी पुन्हा दिवा. दुसऱ्या फेरीत एक पाइप बदलला, दहा दिवस सुखात गेले. तिसऱ्या फेरीत इंजिनिअर म्हणाला, "सर, टर्बोच थकलाय." महिन्यापूर्वी जन्मलेली वस्तू थकते कशी, हे शिवमूर्तींना कळेना. आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला असं काहीतरी चाललंय, एवढं मात्र त्यांना कळत होतं. तरी टर्बो उघडला, धुतला, बसवला. दुकानात लग्नसराईची गर्दी होती, त्यामुळं त्या दिवशी गाडी आणायला सोमेश गेला.

"झ्याक चालून राहिली दाजी," चावी देताना तो म्हणाला. "काळजी करू नका."

सोमेशनं आपणहून धीर द्यावा, याचाच शिवमूर्तींना संशय आला. हा मनातून हसतोय, नांदेडच्या रस्त्यात आपली फजिती बघायला टपलाय, असं त्यांनी ठरवून टाकलं. त्या विचारानं त्यांना जेवण जाईना. शेवटी कार्याच्या आदल्या दिवशी सकाळी, पार्वतम्मा दूध आणायला गेल्या तेव्हा, शब्दाच्या पक्क्या माणसानं देवघरातली विभूतीची मूठ भरली, इकडंतिकडं पाहिलं, बॉनेट उघडलं आणि ती गाडीच्या नाकात सोडली. वरून दोनदा "शिव शिव" म्हणून बॉनेट लावलं. झाकली मूठ सव्वा लाखाची.

दुसऱ्या दिवशी सातला गाडी निघाली. शेजारी पार्वतम्मा, मागं सोमेश आणि त्याच्या मांडीवर पातेलं. मुहूर्त पावणेबाराचा होता. अहमदपूरपर्यंत गाडी कशीबशी ताल धरून होती आणि शिवमूर्ती आरशात मागचं पातेलं पुन्हापुन्हा पाहत होते. अठरा वर्षांत एवढं गोड दृश्य त्यांनी पाहिलं नव्हतं. माळेगावच्या अलीकडं चढ लागला आणि गाडीचा श्वास कोंडला. मागं काळा धूर, पुढं पिवळा दिवा.

"दाजी, गियर बदलून बगा," सोमेश हळूच म्हणाला.

"बदललाय."

"एसी बंद करा."

"केलाय."

"आमी उतरू का?"

"बसा गप."

सोयाबीनची पोती भरलेला एक ट्रॅक्टर ट्रॉलीसकट त्यांना मागं टाकून गेला. पार्वतम्मा डोळे मिटून पुटपुटायला लागल्या. लोहा येईपर्यंत साडेनऊ वाजले आणि गावाच्या तोंडाशीच गाडीनं मान टाकली. समोर कडुलिंबाखाली एक टपरी होती. तिथं बजरंग मिस्त्री मळणीयंत्राचा पट्टा बसवत होता.

"टर्बो हाय बरं का," शिवमूर्तींनी आधीच बजावलं. "वर्कशॉपात तीनदा नेली, आठ-धा दिस चालती की पुन्हा दिवा. लॅपटॉप हाय का तुमच्याकडं?"

"न्हाई जी. कान हायेत," बजरंग म्हणाला. "चालू करा."

त्यानं डोळे मिटून इंजिन ऐकलं. मग दोन बोटांनी चार क्लिपा सोडवून एक काळा डबा उघडला, आतला फिल्टर काढला आणि लिंबाच्या बुंध्यावर आपटला. पांढऱ्याशुभ्र राखेचा ढग उठला आणि बजरंगच्या मिशा पांढऱ्या झाल्या. त्यानं चिमूटभर राख बोटावर घेऊन हुंगली.

"शेठ, ही गाडी रस्त्यावर चालत व्हती का मठात ऱ्हात व्हती?"

आपली एक मूठ एवढा घात करेल, असं शिवमूर्तींना वाटलं नव्हतं. कबूल करावं तर सोमेश मागं उभा. ते घसा साफ करायला लागले, तेवढ्यात पार्वतम्मांनी डोळ्याला पदर लावला.

"माजंच चुकलं. तुमी इष्टलिंगाच्या पूजेला बसले की मी रोज चिमूट चिमूट टाकत होते. दिवा लागल्यापासून दोन चिमटी."

"तरीच," बजरंग म्हणाला. "वर्कशॉपवाले दर टायमाला ह्याला हवा मारून देत आसतील. म्हनून आठ दिस चालायची. पर मावशी, हे चिमटीचं काम न्हाई. ढीग हाय ढीग." डब्यात हात घालून त्यानं कागदाची एक चुरगळलेली पुडी बाहेर काढली. "हे बी तुमचंच का?"

"पुडी मी न्हाई टाकली," पार्वतम्मा म्हणाल्या.

शिवमूर्तींनीही पुडी टाकली नव्हती. दोघांनी एकदम मागं पाहिलं. सोमेश पातेलं पोटाशी धरून रस्त्यापलीकडची ज्वारी बघत होता.

"सोमेश?"

"वर्कशॉपातून आणताना टाकली," तो ज्वारीलाच म्हणाला. "घाईत कागद बी आत गेला."

"तू? कामून?"

सोमेशनं पातेलं खाली ठेवलं. अठरा वर्षांत तो एवढं बोलला नव्हता. "दाजी, बारसं आसो, लगीन आसो, दवाखाना आसो, मयत आसो, गाडी माजी. कुठल्या कार्यात निवांत जेवलो न्हाई. पहिल्या पंगतीला बसलं की कुणाला तरी आणायला जावं लागतं. तुमी गाडी घेतली तवा मी गुपचूप नारळ फोडला. अन् ती बंद पडाय लागली, तसं मला रातभर झोप न्हाई."

शिवमूर्तींना फार शरम वाटली. ज्याच्यावर ते अठरा वर्षं जळत होते, तो बिचारा त्यांच्या गाडीसाठी देव पाण्यात घालून बसला होता.

"एक मूठ माजी बी हाय त्याच्यात," ते म्हणाले.

"आन् मला म्हणत होते, देवाला मधी आणायचं न्हाई," पार्वतम्मा म्हणाल्या.

"म्हणलो होतो."

बजरंगनं फिल्टर हवा मारून लख्ख केला आणि बसवला. त्या वेळात सोमेश बाजूला जाऊन फोनवर कुणाशी तरी बोलून आला. गाडी चालू झाली ती वाघासारखी. लोह्यापासून तिनं एकही ट्रक पुढं राहू दिला नाही. मागं सोमेश सोनखेडच्या आधीच तोंड उघडं टाकून झोपला. शिवमूर्तींनी एका हातानं मिशी सारखी केली. आता दारात गाडी थांबेल, गणगोत धावेल, ते आपल्या खिडकीपाशी.

तेवढ्यात महानंदाचा फोन आला. गाडीत तिचा आवाज घुमला.

"दाजी, सोमेशअण्णानं आत्ताच सांगितलं, हितून पुढं समद्या कार्याला गाडी तुमचीच. लई बरं झालं बगा. येता येता सिडकोतून सिद्धम्मा काकूला घ्या, त्या आवरून बसल्यात. पूजा सुरू झाली की स्टेशनावरून गुरुजींच्या भावाला आणायचंय. जेवणं व्हायच्या आत नागुबाई मावशीला नायगावला सोडा, तिच्या म्हशीची धार ऱ्हायली. अन् मंगळवारी माज्या सासूबाईला किनवटला न्यायचंय, तुमी रिकामेच आसाल ना?"

"हाव," शिवमूर्ती म्हणाले.

फोन बंद झाला. मागं सोमेश शांतपणे घोरत होता. शिवमूर्तींनी ॲक्सिलरेटरवरचा पाय थोडा उचलला, तरी ती वेग सोडायला तयार होईना. मग ते बायकोकडं जरा झुकून हळूच म्हणाले, "आगं, त्या बजरंगनं गाडी जरा जास्तच नीट करून ठेवली."