पोच द्यावी

१२ डिसेंबर १९९७. सकाळचे सहा वाजून दहा मिनिटे. दारावर बाहेरून ब्रश फिरल्याचा आवाज आला. वसुधा साळवे नोटीस चिकटवीत होती.

दिल्लीत, द्वारकेतल्या आमच्या नव्या, निम्म्या रिकाम्या सोसायटीत ही समोरच्या घरातली मुलगी. बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होती. पुढे वकील व्हायचे होते. तयारी म्हणून ती सर्वांना नोटिसा देई. पाण्याचा टँकर उशिरा आला, सेक्रेटरींना नोटीस. आईने सलग तिसऱ्या दिवशी दुधीची भाजी केली, आईला नोटीस. माझा रेडिओ मोठा लागला, मला. दुसऱ्या प्रतीवर ती पोचेची सही मागे. मी देत नसे. बत्तीस वर्षे सरकारी नोकरी केलेला मनुष्य कशालाच भीत नाही इतका सहीला भितो.

"काका, सही नाकारलीत तर दारावर चस्पा करता येते. बिल्कुल कायदेशीर आहे," असे म्हणून ती खळीची वाटी पुढे करी.

कागदावर अशी निर्भय. परक्या माणसांपुढे मात्र तिचे तोंड उघडत नसे. दूधकेंद्रावर 'अर्धा लिटर' एवढेदेखील ती चिठ्ठीवर लिहून देई.

त्या दिवशी कॉलेजात लुटुपुटीचा खटला होता. तिच्या वडिलांनी आदल्या दिवशीच सुनावले होते, "उद्या तोंडातून शब्द फुटला नाही, तर वकिलीचं नाव काढायचं नाही. बी.एड.चा फॉर्म भर, बस्स." ते स्वतः ऑफिसला जाणार होते.

मी नोटीस वाचली. 'आपण आज दुपारी दोन वाजता सभागृहात तिसऱ्या रांगेत हजर राहावे. कसूर केल्यास अर्जदार एकतर्फी घाबरेल. कारण : तेथे अर्जदाराच्या ओळखीचे दुसरे कोणी नाही.'

कागद जपून सोडवला. कोट चढवला.

दुपारी सभागृहात तिचे नाव पुकारले गेले. ती उभी राहिली. न्यायाधीश झालेले प्राध्यापक म्हणाले, "येस, काउन्सेल?" ती हातातले कागद पुढेमागे करीत राहिली. मागून कोणी हसले, "टेप अटक गया, यार." तिने तिसऱ्या रांगेकडे पाहिले.

मी खिशातून नोटीस काढली. कडेला माझ्या दाराचा रंग चिकटला होता. गुडघ्यावर ठेवून पोचेची सही केली. पूर्ण नावाची, तारखेसह. मग तो कागद तिला दिसेल असा वर धरला.

"माय लॉर्ड," ती म्हणाली. आवाज फाटला, मग सांधला. ती अकरा मिनिटे बोलली. निकाल तिच्याविरुद्ध गेला.

संध्याकाळी साळवे जिन्यात उभे होते. वसुधा त्यांच्यामागे, भिंतीला टेकून.

"बोलले म्हणते. खरं का?"

"बोलली."

"परक्यांसमोर? ही? तुम्ही तिची बाजू घेताय, साहेब."

"लिहून देतो," मी म्हणालो.

सोसायटीत कोणालाही माझी सही मिळालेली नव्हती, हे साळव्यांना ठाऊक होते.

घरात जाऊन, ती सभागृहात अकरा मिनिटे बोलली असे लिहिले, कार्बन लावून दोन प्रती केल्या आणि खाली सही केली. वरची साळव्यांना दिली. खालच्या प्रतीवर वसुधाची पोच घेतली. ती प्रत पंच करून फायलीला लावली.