चांदनीच्या बंगल्यातील पॅरिसी झग्याची बखर

कसबे बुऱ्हाणपूर, पेठ इतवारा, शके अठराशे तीस, कीलकनाम संवत्सर, मार्गशीर्ष मास. ते समयी तापीतीरी झग्याचा जो संग्राम जाहला, ज्यात तोफ सुटली नाही, घोडा पडला नाही, एक सुई मात्र वाकली, त्याची ही साद्यंत हकीकत. ऐकणारांनी चित्त स्थिर करावे आणि हसू आल्यास पदर अगर उपरणे तोंडाशी धरावे, कारण ज्यांच्यावर प्रसंग गुदरला त्यांस तो हसण्याजोगा वाटला नव्हता.

त्या काळी इतवाऱ्यात मोतीलालशेट नामे कापसाचे आडते मोठे मातबर असत. त्यांचा दरारा ऐसा की, ते शिंकले तरी समोरचा दुकानदार 'जी हुजूर' म्हणे. चांदनी स्टेशनाजवळील रेल्वेच्या बंगल्यातील जुन्या सामानाचा लिलाव पुकारला गेला, तेव्हा शेटजी बैलगाडी जोडून खासा स्वारीनिशी गेले आणि दोन वेताच्या खुर्च्या, एक बंद घड्याळ आणि एक पेटी काबीज करून माघारी आले. मग पेटीचे कुलूप फोडले, आणि डांबराच्या गोळ्यांची फळी मोडून आत हात घातला, तो एक झगा हाती लागला.

झगा कैसा? पांढऱ्या मलमलीचा, बाह्या तंग, एका उभ्या रांगेत चाळीस आकडे, घेराच्या कडेस दोन बोटे रुंद जरीची वेल, आणि कमरेखाली एके बाजूस उंटाचे वशिंड असावे ऐसा एक थोर फुगवटा. आतून कमरेस रेशमी फीत शिवलेली आणि तीवर विलायती अक्षरांत 'पॅरिस' हा शब्द. शेटजींनी त्याच क्षणी जाहीर केले की, हा झगा खास राणीसरकारचा, सत्तर वर्षांमागे तख्तनशीन होतेसमयी अंगावर होता तोच.

योगायोग ऐसा की, जिल्ह्याचे साहेब मडमेसह दौऱ्यावर येणार होते आणि त्यांच्यासाठी वाचनालयाच्या दालनात जुन्या वस्तूंचे प्रदर्शन भरणार होते. दालन शेटजींच्या मालकीचे. तेथे बांबूचा सांगाडा उभा करून झगा चढविला. परंतु झग्याची पुढली बाजू कोणती, याविषयी कोणासच खबर नव्हती. लीलाधर वैद्य म्हणाले, राणीसरकार त्या समयी दोन जिवांच्या असाव्यात, वशिंड पोटावर येते. पंडित कारकून म्हणाले, नव्हे, आगगाडीत डुलकी लागली तर डोके टेकायला उशी आहे. अखेर वैद्यांची सरशी जाहली आणि वशिंड पुढे करून झगा उभा राहिला.

आता या प्रसंगाचे जे खरे सेनापती, ते दिगंबरपंत मास्तर. मराठी शाळेवरून निवृत्त होऊन सहा वर्षे जाहली होती. वाचनालयाची दोन कपाटे हेच त्यांचे राज्य, आणि किल्ली जानव्यास बांधलेली. स्वभाव भिडस्त ऐसा की, रस्त्यात कोणी नमस्कार केला तर तो आपल्याला की मागून येणाराला, हे ठरेतो नमस्कार करणारा कोपऱ्यावरून वळून जाई. भाजीत मीठ पुरे का, असे विचारले तर पंत म्हणत, 'पुरे असावे, पण माझ्या जिभेचा भरवसा काय?'

गावात इंग्रजी पुस्तके वाचणारे तेच एक. सबब शेटजींचा हुकूम सादर जाहला की, झग्यापुढे ठेवावयाची चिठ्ठी मास्तरांनी लिहावी, खाली आपले नाव घालावे.

"मास्तरजी, जास्ती डोकं नका लावू," शेटजी म्हणाले. "राणीसरकारचा, पॅरिसचा, सत्तर सालांचा. बस्स, एवढंच लिहा. साहेब वाचतील, मडम वाचेल. आणि नाही जमत तर तसं बोला. किल्ली इथं ठेवा. मला या दालनात सरकी भरायला जागा पाहिजेच आहे."

पंतांनी जानव्यावर हात ठेवला आणि 'बरे' म्हणाले.

मग पंतांनी मोहीम मांडली. दुसऱ्या कपाटाच्या तळाशी एका विलायती सचित्र साप्ताहिकाचे जुने अंक होते, ते बाहेर काढून, वाळवी झटकून, चार दिवस चाळले. सत्तर वर्षांमागल्या मडमांचे झगे चोहोकडून घंटेसारखे गोल, वशिंडाचा मागमूस नाही. पुढे वीस-पंचवीस वर्षांमागल्या अंकांत पाहिले, तो पानोपानी वशिंडे. आणि सर्व पाठीमागे! पंत उठले, दालनाचे दार लावून घेतले, आणि कोणी पाहत नाही ऐसे बघून सांगाडा फिरविला. हा पहिला मोर्चा सर जाहला.

तथापि मन खाऊ लागले. राणीसरकारने वशिंडाची चाल आधीच सुरू केली असेल तर? चित्रकाराने वशिंड काढायचे टाळले असेल तर? आपण कोण, इतवाऱ्यातले एक पेन्शनर. या विचारात पंतांनी झगा सांगाड्यावरून उतरवून, पंच्यात गुंडाळून घरी नेला आणि उजेडात न्याहाळू लागले. गळपट्टीच्या आत काळपट खूण आढळली: एक ठिपका आणि त्याशेजारी वाकडी मासोळी. पंतांस वाटले, ही विलायती शिंप्याची मुद्रा. त्यांनी कागदावर नक्कल उतरविली आणि फ्रान्स देशी मासोळीचे कोणते घराणे होते, याचा शोध दोन दिवस चालविला.

तिसरे दिवशी त्यांचे कुटुंब मनकर्णाबाई हळद निवडीत असता तिकडे नजर गेली.

"अहो, हे काय काढलंत?"

"फ्रान्सची मुद्रा आहे, बहुतेक."

"कसली मुद्रा! बिब्ब्याची खूण आहे ती. परटाची. तुमच्या सगळ्या धोतरांवर दोन ठिपके आणि मासोळी आहे, तीस वर्षं नेसताय. कधी बघितलं नाहीत?"

पंतांनी नेसत्या धोतराचा काठ उलटून पाहिला. दोन ठिपके. मासोळी.

"राणीसरकार काय तापीच्या राजघाटावर कपडे धाडीत होती?" बाई म्हणाल्या. "उठा, सरुबाईकडे जा. आणि जाताना पाठ ताठ ठेवा, चोरासारखे जाऊ नका."

सबब पंतांनी बगलेत बोचके मारून तापीच्या घाटाकडे कूच केले. सरुबाई परटीण त्या समयी दगडावर एका चादरीचा समाचार घेत होती. पंतांनी झगा पुढे केला आणि आपण कशास आलो, हे सांगण्यास तीन वेळा आरंभ केला. तिने वाट पाहिली नाही. गळपट्टी उलटून पाहिली आणि एकाएकी तोंडावर ओला हात मारला.

"अरे माय! हा कडूचा झगा! मास्तर, कुठं सापडला हो तुम्हाले?"

मग तिने जी जबानी दिली ती ऐसी: ठिपका म्हणजे चांदनीचा बंगला, मासोळी म्हणजे तिचे घर. कडू शिंपी इतवाऱ्यातलाच, सात वर्षांमागे वारला. बंगल्यातल्या मडमेने त्याला व्हरांड्यात बसवून, पुस्तकातले चित्र समोर धरून हा झगा शिववून घेतला होता. पॅरिसची फीत तिच्या एका फाटक्या झग्याची, ती उसवून यात लावविली. परंतु कडूस पान खाण्याची खोड. शेवटचा टाका घालताना तोंड उघडले आणि पांढऱ्या मलमलीवर लाल पिचकारी पडली.

"रडतच आला माह्याकडे. म्हणे, सरू, मडम माह्यी चामडी काढीन. म्या लिंबू लावलं, रीठा लावला, तीनदा धुतला, पण डाग काही जाईना. मंग म्याच म्हटलं, कडू, वरून जरी लाव. लोक जरीच पाह्यतीन. तवा लावली त्यानं ही वेल. मडम इतकी खूश, इतकी खूश! त्याले इनाम दिलं."

"हे कोणत्या साली, सरुबाई?" पंतांनी वहीवर लेखणी टेकविली.

"साल म्या काय जाणू? माह्या निंब्याच्या बाळंतपणाच्या वक्ती मी सव्वा महिना घरात व्हती. खुणा पयलेपासून धनीच घाले, पण मी नसता त्यानं साऱ्या गावाचे कपडे उलटेपालटे केले. मंग म्याच बिब्बा हाती घेतला. ही माह्या हातची पयली खूण, मास्तर. म्हणून मासोळी वाकडी हाय."

निंबा म्हणजे त्यांचाच विद्यार्थी! शाळेच्या दाखलबुकात त्याची जन्मतारीख असणार. पंत वय विसरून शाळेकडे धावले, दाखलबुक मागून घेतले, पान काढले, आणि मटकन खाली बसले. निंबा, जन्म एक जून अठराशे शहाऐंशी. त्यावरचा मुलगाही एक जून. खालचाही. पानावरची एकूणएक एकतीस मुले एकाच दिवशी जन्मलेली, आणि अक्षर पंतांचे स्वतःचे.

कारण त्या काळी कोणाही आईबापास तारीख ठाऊक नसे. मास्तर मुलास उभे करून उजवा हात डोक्यावरून डाव्या कानाकडे नेण्यास सांगत. बोटे कानास लागली की वय सहा. मग शाळा जूनची, म्हणून जन्मही जूनचा. एवंच सगळ्या मोहिमेचा पाया म्हणजे सोळा वर्षांमागे एका पोराच्या कानास लागलेले बोट. याच्या खाली आपले नाव घालायचे?

ते तसेच परत घाटावर गेले आणि कबुली दिली की, ती तारीख आपण मनाने घातली. सरुबाई पोट धरून हसली.

"तुम्ही काय घालाल मास्तर, म्या तुम्हाले फसवलं! त्याचा हात पुरत नव्हता. म्या त्याले शिकवलं व्हतं, मास्तर पाह्यतीन तवा मुंडी हळूच वाकव. सहा पुरे व्हायले एक पोळा कमी व्हता. पोळ्याच्याच दिवशी झाला ना तो, बैल दारात उभे आन् मी आत!"

पंतांनी बोटे मोजली. सन ब्याण्णवच्या जूनमध्ये सहास एक पोळा कमी, म्हणजे जन्म सन शहाऐंशीचा पोळा. साल बरोबर! महिना चुकला, पण साल बरोबर! आणि पोळ्यापासून सव्वा महिना मोजला तर ऐन नवरात्राचे दिवस. झग्याच्या सालाचा शोध घेण्यास निघाले होते, ते दसऱ्याच्या तोंडाशी येऊन पोचले. पंतांनी पुन्हा मोजले, मग सरुबाईकडून मोजविले, मग पायरीवर खडे मांडून मोजले. हिशेब हलेना.

प्रदर्शनाचे दिवशी सकाळी चिठ्ठी झग्यापुढे उभी राहिली. शेटजी आले, साहेबाची स्वारी अद्याप वेशीवर, गर्दी दालनात मावेना. चिठ्ठीवर शेटजींची नजर गेली आणि डोळे तांबडे जाहले.

"हे काय, मास्तर? कडू? कोण कडू? माझ्या राणीसरकारला तुम्ही कडू शिंपी केलं?"

पंतांनी जानव्याची किल्ली सोडली आणि मेजावर ठेवली.

"शेटजी, किल्ली घ्या," ते म्हणाले, आवाज पिचका पण शब्द साफ. "पण चिठ्ठी बदलणार नाही. मी चुकत असेन असं मला रोज वाटतं. आज वाटत नाही."

शेटजींनी पुरावा मागितला. तेव्हा सरुबाई, जी दाराशी उभी होती, ती पुढे सरली, सुई मागितली, आणि जरीच्या वेलीखाली खुपसली. कडूचा टाका ऐसा घट्ट की, सुई वाकली. परंतु वीतभर वेल उठली आणि खाली, बावीस वर्षे झाकलेला, गुलाबी पडलेला, पानाच्या पिचकारीचा डाग सर्वांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला.

शेटजी वाकले. मग हळूच म्हणाले, "कडू... हा तोच कडू का, नाक्यावरचा? ज्यानं माझ्या लग्नाचा अंगरखा शिवला?"

"तोच जी," सरुबाई म्हणाली.

"त्या अंगरख्यावर छातीवर जरीचा मोर आहे," शेटजी म्हणाले, आणि त्यांचा चेहरा पालटू लागला. "मी सांगितला नव्हता. बाबांनीही नाही. कडू म्हणाला होता, शेट, हा माझ्याकडून आहेर."

तात्काळ माणूस घरी धावला, अंगरखा आला, मोर उसविला. मोराखाली डाग, झग्याच्या डागाहून मोठा. आणि मग मोतीलालशेट ऐसे हसले की, बांबूचा सांगाडा हलला, वशिंड थरथरले, आणि वेशीवर साहेबाचा घोडा बिथरला, ऐसे पंडित कारकून सांगत असत.

मग जे जाहले त्यास तोड नाही. इतवाऱ्यातले लोक घरोघर धावले आणि लग्नाच्या पेट्या उघडल्या. कोणाच्या टोपीवर जरीचे कमळ, कोणाच्या चोळीवर चंद्र, लीलाधर वैद्यांच्या बाराबंदीवर सूर्य; सर्व न सांगता घातलेले, सर्व कडूचा आहेर. प्रत्येकास आपल्या वस्त्राचे साल लावून हवे होते आणि सर्व मास्तरांपुढे रांगेत उभे. साहेब आले, मडम आली, तिने झगा पाहून मान डोलविली, परंतु तिकडे पाहण्यास कोणास सवड नव्हती. शेटजींनी आपला अंगरखा झग्याशेजारी टांगविला, किल्ली उचलून पंतांच्या हाती दिली, आणि हुकूम सोडला की, सरकी दुसरीकडे भरावी, दालनास तिसरे कपाट करावे, आणि चिठ्ठी आहे तैशीच राहावी.

ती चिठ्ठी येणेप्रमाणे:

'मडमेचा झगा. शिवणार कडू शिंपी, पेठ इतवारा. धुणार व खूण घालणार सरुबाई परटीण. साल १८८६, दसऱ्याचे सुमारास. पॅरिसचा नाही. हे ठरविणार दिगंबर मास्तर.'

संध्याकाळी पंत घरी परतले, तो मनकर्णाबाईंनी पेटीतून त्यांचा लग्नातला शेला काढून ठेविला होता. त्याच्या पदरावर जरीचा लहानसा पोपट. कडू त्या काळी नुकताच धंद्यात पडला होता.

"उसवायचा?" बाईंनी सुई पुढे केली.

पंतांनी पोपटाकडे पाहिले, बाईंकडे पाहिले, आणि सुई परत सुईदाणीत टोचली. त्याखाली काय आहे याचा शोध घेऊ नये, ऐसा निवाडा त्यांनी केला, आणि तो निवाडा देताना ते तिळमात्र अडखळले नाहीत. झग्याची फत्ते येथे नोंदली; पोपटाची नोंद ठेविली नाही.