सोनकांबळे आणि अख्खं काम

आमचे अव्वल कारकून सोनकांबळे रोज संध्याकाळी कचेरीच्या दारात उभे राहत आणि घरी निघालेल्या प्रत्येकाला एकच गोष्ट विचारत, "काय भाऊसाहेब, आज तुमच्या हातानं काय झालं?"

आता "तुमच्या हातानं" हे शब्द सरकारी नोकर फक्त चौकशीत ऐकतो. पहिल्याच दिवशी आमच्या टंकलेखकाने घाबरून सांगितलं, "माझ्या हातानं काहीच झालं नाही साहेब!" सोनकांबळेंचा चेहरा पडला. "काईच न्हाई? अरारा!" म्हणाले आणि बराच वेळ मान हलवत राहिले.

लातूर जिल्हा नवा झाला होता, दुष्काळ मात्र जुनाच होता. टँकरच्या अर्जांसाठी एका भाड्याच्या घरात आमची कचेरी उघडली. चार टेबलं. एकजण अर्ज घेई, दुसरा टिपणी लिही, तिसरा टंकित करी, चौथा शिक्का मारून पाठवून देई. टँकर गावात पोचला की वाटेतच राहिला, ते चौघांपैकी एकालाही ठाऊक नसे. झोप उत्तम लागे.

मुखेडकडच्या सोनकांबळेंनी आल्या आल्या ही घडी मोडली. प्रत्येकाला गावं वाटून दिली. अर्ज घेण्यापासून विहिरीत पाणी पडेपर्यंत सगळा जिम्मा एकाचाच. वर आठवड्यातून एकदा एसटीने जाऊन ते पाणी डोळ्यांनी बघून यायचं. "माणसाला अख्खं काम पायजे," ते म्हणत. "नुसती शेपूट धरून माणूस वाळून जातंय."

मी माणसं ओळखून आहे. कुठलाही साहेब कुणाचं फुकट भलं करत नाही. अख्खा कागद एकाच्या हातचा, म्हणजे चूक झाली की मानही एकाचीच. शिवाय दुपारी ते टेबलाशी येऊन हळूच "दमलात का?" असंही विचारत. दमलो म्हणावं तर नोंद होणार, नाही म्हणावं तर काम वाढणार. आम्ही आपले "तसं काही नाही" म्हणत असू.

शेवटी आम्ही वरच्या साहेबांकडे लेखी तक्रार केली. मसुदा माझा, सही तिसरी. "अव्वल कारकून कर्मचाऱ्यांना पद्धतशीर जाळ्यात ओढत आहेत" हे वाक्यही माझंच. अर्ज कचेरीच्याच टपालात टाकला आणि दुसऱ्या दिवशी औशाजवळच्या माझ्या वाट्याच्या गावाला पाणी बघायला गेलो.

टँकर विहिरीत रिकामा होत होता. घागर घेऊन उभी असलेली सरूबाई नावाची म्हातारी तरातरा माझ्यासमोर आली. "तूच व्हय पाण्याचा कारकून? परवा कुठं मेला होतास?"

परवाचा टँकर माझ्याच चुकीने दुसऱ्या तारखेला लागला होता. मला लाज वाटली. निघताना तिनेच तांब्याभर पाणी हातात दिलं. ते मी उभ्या उभ्या शेवटच्या थेंबापर्यंत प्यालो. इतकी वर्षं नोकरी केली, पण शिव्या देण्याइतकं मला कुणी ओळखत नव्हतं.

अर्ज परत घ्यायचा म्हणून तडक कचेरी गाठली. बाहेर जाणाऱ्या टपालावर शिक्के मारत स्वतः सोनकांबळेच बसले होते. हे टेबल त्यांनी कुणालाच दिलं नव्हतं, हे माझ्या तेव्हा ध्यानात आलं. म्हणजे आमचा अर्ज आधी त्यांच्याच हातात पडला असणार.

"गेला वर," ते म्हणाले. "नंबर टाकून, शिक्का मारून."

"वाचला तुम्ही?"

"हाव. लई बेस लिहिलाय. मसुद्यापासून सहीपर्यंत समद्यांनी मिळून केलाय. असं काम ह्या कचेरीत पहिल्यांदाच झालं बघा."

टोमणा असेल म्हणून मी त्यांचा चेहरा नीट न्याहाळला. टोमणा नव्हता.

"पण हे शिक्क्यांचं टेबल तुम्ही कशाला घेतलंत?"

"कुणीतरी घ्यायला पायजे की. चोवीस वर्सं हेच करून राहिलो मी. मरायच्या आदी मायनं इचारलं, बाबू, तू कचेरीत करतूस तरी काय? मला काई सांगता आलं न्हाई."

आठवड्यात हुकूम आला. टेबलं पूर्ववत झाली आणि सोनकांबळेंची बदली उदगीरला झाली. स्टँडवर पोचवायला मी एकटाच गेलो. त्या अर्जावर माझीही सही होती, असं कसंबसं म्हणालो.

"हाव, तिसरी," ते म्हणाले. मग पिशवीच्या बंदाशी चाळा करत त्यांनी विचारलं, "तुमच्या त्या गावात माझं नाव ठावं हाय का कुणाला?"

"म्हणजे काय! नेहमी विचारतात तुम्हाला."

सोनकांबळेंनी पहिल्यांदाच माझ्याकडे संशयाने पाहिलं. "कोण इचारतं? नाव सांगा."

"सरूबाई."

ते खिडकीशी जाऊन बसले. बस हलेपर्यंत त्यांना हसू काही लपवता येईना.

रविवारी कुणी न पाठवता मी औशाची एसटी पकडली आणि सरूबाईकडून 'सोनकांबळे' हे नाव तीनदा म्हणवून घेतलं. तिने माझ्याकडे तिरकं पाहिलं. "कोण हाय त्यो? काय केलं त्यानं?"

मी तिच्या ओट्यावर मांडी घालून बसलो आणि पहिल्यापासून सांगायला लागलो.