कोचरेकर डोळे धुवायला जात

आमच्या मजल्यावरचे कोचरेकर रोज सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी डोळे धुवायला जायचे. नळावर नव्हे. लालबागहून चालत परळ, दादर, कधी पार गिरगाव गाठायचे आणि एखाद्या दुकानाच्या जुन्या, हाताने रंगवलेल्या बोर्डासमोर दहा मिनिटं उभे राहायचे. मी दोनदा सोबत गेलो आहे, म्हणून आकडा खात्रीने सांगतो. ते घड्याळ बघत नसत, मी बघत होतो.

"दिवसभर घाण बघायची असते, गवाणकर," ते म्हणायचे. "आधी डोळे धुतलेले बरे."

कोचरेकर ग्राफिक डिझायनर. वय चौपन्न, घरात एकटे. एका जाहिरात कंपनीत एकोणीस वर्षं काढली. एका सोमवारी कंपनीने तिशीच्या पुढच्या सहाजणांना मिटिंगला बोलावलं, त्यात हे सर्वांत मोठे. मग लालबागच्याच एका बॅनर छापणाऱ्या दुकानात लागले. वाढदिवसाच्या शुभेच्छा आणि भावपूर्ण श्रद्धांजली. एका बॅनरवर मी साहेबांच्या खाली बेचाळीस कार्यकर्ते मोजले. कोचरेकरांनी त्या बेचाळीसजणांमधलं अंतर सारखं ठेवलं होतं. ते बघणारा लालबागमध्ये बहुधा मी एकटाच.

"हवा नाही!" हा त्यांचा शब्द. लग्नपत्रिका हातात घेतली की, हवा नाही. आमच्या हिच्या डब्यात पोळी-भाजी कोंबलेली दिसली की, हवा नाही. आमच्याकडे चहाला आले की भिंतीवरचं कॅलेंडर दोन बोटं डावीकडे सरकवून जायचे. ही म्हणायची, "भावजी, घर आहे हे, जाहिरात नव्हे." ते गेले की ती ते परत सरकवायची. काही दिवसांनी सरकवायची बंद झाली.

सोसायटीचा सेक्रेटरी म्हणून मी एकदा नोटीस लावली, मंगळवारी टाकी साफ होणार, पाणी येणार नाही. कोचरेकरांनी ती उतरवून नेली. "असं लिहितात का माणसांना?" गुरुवारी नवी आणून लावली. अक्षरं अशी की लोक जिन्यात थांबून वाचत होते. पाणी बुधवारीच आलं होतं.

दुकानाचा मालक नितीन, तिशीतला. वाईट मुलगा नाही. त्याने कोचरेकरांना महिनाअखेरपर्यंत मुदत दिली. "काका, एका बॅनरला वीस मिनिटं. लोक आता मोबाईलवर स्वतःच करून आणतात. तुम्ही एका नावाला अर्धा दिवस लावता, मी काय करू?"

कोचरेकर घाबरले. घाबरले की ते जास्त डोळे धुवायचे. त्या महिन्यात त्यांना परळमध्ये एका पिठाच्या गिरणीचा बोर्ड सापडला. लाकडी, निळा, त्यावर पिवळी अक्षरं, खाली कोपऱ्यात रंगवणाऱ्याचं बारीक नाव. लागोपाठ अकरा सकाळी ते तिथेच गेले. मला म्हणाले, "शेवटच्या अक्षरालाही त्याने घाई केलेली नाही. हे बघून गेलो की दुकानात हात चालतो." आणि खरंच, त्या दिवसांत ते वीस मिनिटांत बॅनर करू लागले होते. नोकरी टिकेल असं मलाही वाटलं.

बाराव्या दिवशी नितीनने लवकर बोलावलं, म्हणून त्यांचं परळला जाणं राहिलं. त्या दिवशी मी सोसायटीच्या सभेचा बॅनर घ्यायला दुकानात गेलो होतो. तेवढ्यात एक पन्नाशीचे गृहस्थ आत आले, केसांवर पीठ. कोचरेकरांना बघून त्यांनी हातच जोडले.

"साहेब, तुम्ही इथेपण? उतरवला हो, कालच उतरवला!"

"काय उतरवलं?"

"बोर्ड! फूटपाथवर येत होता ना? तुम्ही रोज येऊन बघत होतात, बोलत काहीच नव्हतात. माझी बायको म्हणाली, महापालिकेचा माणूस आहे, नोटीस यायच्या आत काढा. आता इथूनच फ्लेक्स करून लावतो, भिंतीला चिकटून. साहेब, वाकडं काही करू नका."

कोचरेकर खुर्चीतून उठले होते, ते तसेच उभे राहिले. "बोर्ड कुठे आहे?"

"बेकरीला दिला. जुनं सागवान, काय पेटलं म्हणता!"

नितीनला हसू आलं. मलाही आलं असतं, पण मी कोचरेकरांकडे बघत होतो.

ते मशीनसमोर बसले. एकही तयार अक्षर घेतलं नाही. अकरा सकाळींत जे डोळ्यांत साठलं होतं, ते एकेक रेघ ओढून काढू लागले. निळा रंग चार वेळा बदलला. वीस मिनिटं झाली, तास झाला. नितीन दोनदा म्हणाला, "काका, बाकीची गिऱ्हाइकं उभी आहेत." साडेतीन तास लागले. शेवटी खाली कोपऱ्यात त्यांनी बारीक अक्षरांत लिहिलं: पेंटर दत्ता, परळ.

गिरणीवाल्यांनी विचारलं, "हे कोण?"

"ज्याचं काम आहे तो," कोचरेकर म्हणाले. "मी फक्त बघत होतो."

संध्याकाळी नितीनने त्यांना उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं.

त्यानंतर सात दहाला त्यांचं दार उघडेना. चार दिवस वाट बघून मीच आत गेलो. ते म्हणाले, "मी बघितलं की उतरवतात, गवाणकर."

रविवारी मी त्यांना जवळजवळ ओढूनच कफ परेडच्या मच्छीमार नगरात नेलं. होड्यांवर नावं रंगवलेली असतात, होडी काही कोणी उतरवून बेकरीला देत नाही, असा माझा हिशेब. किनाऱ्याशी पोचल्यावर ते थांबले.

"तुम्ही पुढे व्हा. त्यांना सांगा, मी कुठल्या ऑफिसातून आलेलो नाही."

एक बाई होडीशेजारी सुकट पसरत होत्या. मी सांगितलं.

"मग कुठशी आला?" त्यांनी विचारलं.

"त्यांना तुमच्या होडीचं नाव बघायचंय," म्हटलं. "नुसतं बघायचंय."

"तर बघू दे की! बघून काय झिजतंय?" आणि त्यांनीच लांबवर हाक मारली, "ओ दादा, या पुढं!"

मी वळून बघितलं. कोचरेकर चाळीसेक पावलांवर उभे होते. तिथूनच त्यांनी मान हलवली, नको म्हणून, आणि होडीकडे पाठ केली.